भीतीचा अर्धा फूट

धरणाच्या भिंतीला आतल्या अंगाने एक पट्टी रंगवलेली आहे. काळे-पांढरे चौकोन, फूट आणि इंच, तळाला शेवाळ. पाणी त्या पट्टीवर कुठवर आलंय ते बघायचं आणि लिहायचं, एवढंच काम. ज्यांनी ते कधी केलं नाही त्यांच्या मते जगात याहून सोपं काम नाही. आमच्या पट्टीवाल्या काकांनी ते बावीस वर्षं केलं, आणि त्यातली निम्मी वर्षं ते किती अवघड आहे हे लोकांना पटवण्यात घालवली.

काका म्हणजे काटकुळा माणूस, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, गळ्यात दुर्बीण. दुर्बिणीची एक काच पहिल्याच वर्षी फुटली होती. नवीन मागवलेली अजून यायची आहे. त्यामुळे एक डोळा मिटून बघायची सवय लागली, आणि ती इतकी अंगात मुरली की घरात बायकोशी बोलतानाही काकांचा एक डोळा मिटायचा. बायको म्हणायची, "नीट बघा. मी काय पट्टी आहे?"

सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा. तीन वेळा सत्तेचाळीस पायऱ्या खाली आणि सत्तेचाळीस वर. वर आलं की वहीत आकडा. "माझा आकडा कधी हलला नाही," असं काका चारचौघांत सांगायचे, आणि ते खरंच होतं. आकडा हलत नव्हता. तो मुळातच अर्धा फूट वर बसवलेला होता.

त्याचं असं झालं. काका नोकरीला लागले तेव्हाच्या साहेबांनी त्यांना पहिल्याच दिवशी शहाणपण दिलं, "लाट असते, डोळा चुकतो, आणि बुडाल्यावर कुणी विचारत नाही की इंच किती चुकले. हातचं राखून लिहायचं. अर्धा फूट वर धरायचा." काकांनी तो धरला आणि कधी सोडला नाही. पट्टीवर तीस फूट दिसलं की वहीत साडेतीस. ही वही जायची हेडक्लार्ककडे. हेडक्लार्क म्हणजे आयुष्यभर दुसऱ्याच्या मजकुराला कात्री लावून पोसलेला माणूस. त्याला हा अर्धा फूट ठाऊक होता. खालच्या शहराला रोजचं पत्र लिहिताना तो शांतपणे सहा इंच कापायचा. याने वाढवायचे, त्याने कापायचे, आणि खरं पाणी बिचारं दोघांच्या मधून वाट काढत सुखरूप खाली पोचायचं. बावीस वर्षं दोघांनी एकमेकांशी यावर चकार शब्द काढला नाही. दोघांनाही वाटायचं, धरण आपल्यामुळे उभं आहे.

मग हेडक्लार्क निवृत्त झाला. त्याला शाल मिळाली, भाषणं झाली, त्याच्या कात्रीबद्दल कुणीच बोललं नाही. बोलणार कोण? ठाऊक होतं एकट्या काकांना, आणि काका त्या दिवशी पाणी मोजत होते.

त्याच्या रिकाम्या खुर्चीवर कुणी बसलं नाही, कारण त्याच महिन्यात क्लाउड आला. वरच्या कचेरीतून एक पोरगी आली, सव्वीस-सत्तावीसची, पायात पळायचे बूट, बोलणंही पळतच. सगळे तिला डेटावाली म्हणायला लागले. तिने बावीस वर्षांच्या वह्या दोन महिन्यांत मशीनमध्ये चढवल्या आणि काकांच्या हातात एक टॅब दिला. टेबलावरून पडू नये म्हणून काकांनी तो सुतळीने खिडकीच्या गजाला बांधला.

"इथे आकडा लिहायचा, काका. झालं."

"आणि खालच्यांना पाठवायचा कुणी?"

"कुणीच नाही."

"मग जाणार कसा?"

"जाणारच नाही. आकडा इथेच, आपल्या कोठारात. ते फक्त बघणार. आपण त्यांना खिडकी पाडून दिलीय."

"म्हणजे आपण देणारे आणि ते घेणारे."

"बरोब्बर."

"पण घेणाऱ्याच्या हातात काहीच पडत नाही."

"नाही. प्रत निघत नाही, फाइल जात नाही. आपण इथे लिहिलं की त्या क्षणी तिकडे दिसतं."

"वरून येणारी मदत आम्हाला अशीच मिळते," काका म्हणाले. "नुसती दिसते."

डेटावाली हसली, पण तिला सगळं सांगून टाकायची घाई होती. घेणारे पाच जण होते. खालच्या शहराचं आपत्ती खातं, कालव्यावाले, वीजघर, मासेवाले आणि एक कॉलेज, ज्याला पाणी कशाला बघायचंय हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. बघायला जी मशीन फिरवावी लागेल तिचा खर्च बघणाऱ्याने सोसायचा. बघणाऱ्याला आत हात घालता येत नाही, टाचणीएवढंही बदलता येत नाही, आणि आपल्या खिडकीशी तिसऱ्याला आणून उभंही करता येत नाही. आपल्या मनात आलं तर एका ओळीच्या हुकमाने खिडकी बंद.

"आणि सगळं कोठार दिसतं का त्यांना?"

"छे. आपण दाखवू तेवढेच रकाने. तारीख, वेळ, पातळी. शेऱ्याचा रकाना साहेबांनी झाकायला लावला."

तो का झाकला हे कुणी विचारलं नाही. त्या रकान्यात काकांनी बावीस वर्षं इमानाने लिहिलेलं होतं, "साहेब पाहणीस आले नाहीत."

एवढं सगळं ऐकून काकांनी मान हलवली. एक प्रश्न मात्र विचारला नाही. सहा इंच आता कापणार कोण? विचारायची गरजच वाटली नाही त्यांना. एवढी शहाणी मशीन, बावीस वर्षांच्या वह्या प्यायलेली, तिला एवढं कळत नसेल? हेडक्लार्क तर साधा माणूस होता, त्यालाही कळत होतं. काकांनी अर्धा फूट धरायचं काम चालू ठेवलं.

काकांची धाकटी बहीण खालच्या शहरात राहते. नवरा गेल्यावर तिने नदीकाठच्या बाजारात रोपांचा गाळा टाकला. चार फळकुटं, वर ताडपत्री, आणि ट्रेमध्ये मिरची, वांगी, झेंडू, लिंबू, गुलाबाची कलमं. नदीकाठ सोडून तिला चालत नाही, कारण रोपाला दिवसातून चार वेळा पाणी लागतं आणि तिला उचलून आणायला कुणी नाही. चौदा वर्षांत तिने तो गाळा कमरेत वाकून उभा केला. भाऊ धरणावर आहे याचा तिला मोठा दिमाख. बाजारात कुणी पुराची भीती घातली की म्हणायची, "माझा दादा बसलाय वर. त्याचा आकडा चुकत नाही."

त्या पावसाळ्यात ती एका रविवारी काकांकडे आली ती चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागली.

"दादा, तुझं धरण काय पिसाळलंय का रे?"

"का? काय झालं?"

"दोनदा भोंगा वाजवला आमच्याकडे! दोनदा गाळा उचलला मी. नदी बघावी तर गुडघाभर, बदकं पोहतायत. आणि तो आपत्तीवाला साहेब ओरडतोय, पळा पळा म्हणून. अर्धी कलमं उन्हात मेली."

त्या साहेबाला बाजाराने भोंगेसाहेब असं नाव ठेवलं होतं. धरणात बत्तीस फूट झालं की भोंगा आणि काठ रिकामा, असा त्याचा नियम. नियम जुनाच होता. नवीन होतं ते पुढचं.

"तिसऱ्यांदा वाजला की काठ धोक्याची पट्टी जाहीर करणारेत," बहीण म्हणाली. "गाळे कायमचे बंद. टेकडीवर जागा देतो म्हणाले. टेकडीवर मी रोपांना काय थुंकी लावू?"

काकू ताटं वाढता वाढता हसल्या. बहीण हसली नाही. काकांनी एक डोळा मिटून विचारलं, "आकडा किती होता म्हणाले?"

"पहिल्यांदा बत्तीस फूट एक इंच. दुसऱ्यांदा बत्तीस दोन. बाजारात फळ्यावर लिहितात आता, मोठ्या अक्षरात."

काकांचा हात पाण्याच्या तांब्यावर होता तो तिथेच राहिला. पट्टीवर त्या दिवशी एकतीस सात होतं. दुसऱ्यांदा एकतीस आठ. शेवाळाच्या वरचा तिसरा चौकोन, त्यांना लख्ख आठवत होता.

"काय झालं रे?"

"काही नाही," काका म्हणाले. "दुसरा घास अडकला." त्यांनी अजून पहिला घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाचा आकडा, सवयीने, एकतीस फूट दहा इंच असा टाकून काका डेटावालीकडे गेले. खरं पाणी एकतीस चार होतं.

"पोरी, ही मशीन आकडा जसाच्या तसा दाखवते का? काही कापत बिपत नाही?"

"कापेल कशी, काका? तुम्ही जे लिहिता तेच. म्हणून तर हे इतकं भारी."

"भारी आहे," काका म्हणाले.

मग ते साहेबांकडे गेले. साहेबांनी ऐकून घेतलं, दार लावलं आणि आवाज खाली आणला.

"म्हणजे बावीस वर्षांचा आकडा खोटा होता असं मी लिहून देऊ?"

"खोटा नाही साहेब. हातचं राखून."

"तेच ते. तुमची चौदा महिने नोकरी उरलीय ना? मग हात लावू नका. पाऊस ओसरला की पाणी ओसरेल, पाणी ओसरलं की चौकशी ओसरेल."

साहेबांचं म्हणणं तसं शहाणपणाचं होतं. फक्त पाऊस ओसरायला दीड महिना होता आणि बहिणीच्या गाळ्याला एकच भोंगा उरला होता. काकांनी सत्तेचाळीस पायऱ्या उतरताना ठरवून टाकलं. कुणाला विचारायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. आजपासून दिसेल ते लिहायचं. इतकं साधं.

बाराचा आकडा त्यांनी जन्मात पहिल्यांदा खरा लिहिला, एकतीस फूट चार इंच. आणि निवांत डबा उघडला.

आता खाली काय झालं असेल ते बघा. भोंगेसाहेबाच्या खिडकीत सहा वाजता एकतीस दहा आणि बारा वाजता एकतीस चार. सहा तासांत अर्धा फूट पाणी गेलं! एवढ्या मोठ्या जलाशयातून अर्धा फूट जातं म्हणजे दरवाजे सताड उघडले असणार, नाहीतर भिंतच गेली असणार. त्याच्या मशीनला त्याने शिकवून ठेवलं होतं, पातळी अशी झपकन पडली तर विचारायला थांबू नकोस. मशीन थांबली नाही. भोंगा वाजला.

फोन आला. काकांनी घास तोंडात ठेवून उचलला.

"पाणी सोडलंत का? न विचारता?"

"नाही हो! थेंबही नाही!"

"मग अर्धा फूट गेला कुठे?"

खरं सांगायचं तर तो कधी आलाच नव्हता, पण फोनवर हे सांगणार कसं? काका घाबरले. चूक झाली की पुसायची, एवढंच त्यांना वहीपासून ठाऊक. त्यांनी टॅबवर चारच्या जागी परत दहा केलं. वहीत खाडाखोड केली तर हेडक्लार्क सोडून कुणाला दिसत नाही. इथे पाच खिडक्या उघड्या होत्या. खाली भोंगेसाहेबाला दिसलं की पाणी एका मिनिटात अर्धा फूट चढलं. त्याच दुपारचा दुसरा भोंगा. वीजघराने चक्रं थांबवली. मासेवाल्यांनी होड्या ओढून घेतल्या. कॉलेजने, देव त्यांचं भलं करो, आलेख काढला.

काकांनी शेवटचा उपाय केला. अख्खी ओळच काढून टाकली. आता खिडकीत पाणीच नव्हतं. भोंगेसाहेबाने तिसरा वाजवला तो कशासाठी हे त्यालाही सांगता आलं नसतं.

डेटावाली धापा टाकत आत आली. "काका! हात काढा! टॅबवरचा हात आधी काढा!"

काकांनी दोन्ही हात वर केले, चोर पकडल्यावर करतात तसे.

"अगं, मी दुरुस्त करत होतो."

"सगळं शहर तुमची दुरुस्ती बघतंय, काका!"

बाराची ओळ तिने परत चढवली, एकतीस चारची, पण संध्याकाळपर्यंत काठ तिसऱ्यांदा रिकामा झाला होता. साहेबांनी अहवाल लिहिला, 'तांत्रिक बिघाड'. बिघाड लिहिला की कुणाचाच दोष नसतो, आणि भोंगा मात्र मोजला जातो. काठाचं काय करायचं ते ठरवायला खालच्या शहरात शनिवारी समितीची बैठक ठरली. शुक्रवारपर्यंत काका अर्ध्या ताटावरून उठत होते. बायको म्हणाली, "तोंड उघडलंत तर नोकरीवर बेतेल. मिटून बसलात तर बहिणीला तोंड दाखवता येणार नाही. कुठलं तोंड ठेवायचं ते ठरवा आणि जेवा."

शनिवारी काका रबरी बूट घालूनच पहिल्या बसने खाली गेले. डेटावाली आपणहून बरोबर आली. ती म्हणाली की तिला फिरायचं होतं.

समितीची खोली म्हणजे लांब टेबल, भिंतीवर मोठा पडदा, त्यावर ती खिडकी, आणि मागच्या बाकावर बाजारातले गाळेवाले. बहीण पहिल्या रांगेत. काका उभे राहिले आणि एका दमात सगळं सांगितलं. पहिल्या साहेबांचा उपदेश, बावीस वर्षं, सहा इंच, हेडक्लार्कची कात्री. बहीण त्यांच्याकडे बघत होती ती पापणी न हलवता.

भोंगेसाहेब थंडपणे म्हणाले, "तुमच्या तोंडच्या शब्दावर मी काय करू? आमच्या खिडकीत बत्तीस एक आहे. आम्हाला तो पुसता येत नाही, बदलता येत नाही. आम्ही घेणारे."

"तुमच्याकडे जुनी पत्रं असतील की," काका म्हणाले. "हेडक्लार्कची."

"असतील कपाटात."

"काढा. आणि त्याच दिवसाचं खिडकीत बघा. सगळ्या जुन्या वह्या चढवल्यात पोरीने."

कपाट उघडायला किल्ली मिळेना, मिळाली तर लागेना. शेवटी एक फाइल बाहेर आली, झटकली तेव्हा दोघे शिंकले. मागच्या वर्षाची एक तारीख. पत्रात तीस फूट दोन, पडद्यावर तीस आठ. दुसरी तारीख. पत्रात अठ्ठावीस पाच, पडद्यावर अठ्ठावीस अकरा. भोंगेसाहेबाने मुद्दाम आठ वर्षांपूर्वीची एक काढली, मग पंधरा वर्षांपूर्वीची. सहा इंच. दर वेळी सहा. कागद आणि पडदा इतक्या वर्षांत एकदाही पाच किंवा सातवर भांडले नव्हते.

"कमाल आहे," भोंगेसाहेब म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदा आदर आला. "इतकी सचोटीची चूक मी बघितली नाही."

"तरी पण खिडकीतलं बदलायला देणाऱ्याने बदलायला हवं," समितीतली एक बाई म्हणाली.

"बदलायचं नाही," डेटावाली म्हणाली. "जुनं जसंच्या तसं ठेवायचं. शेजारी एक रकाना वाढवते, खरी पातळी. त्या सोमवारी सकाळी सहापर्यंतच्या प्रत्येक आकड्यातून सहा इंच वजा. पण तसं लेखी लागेल. साहेबांचं, नाहीतर आकडा ज्याने लिहिला त्याचं."

साहेबांना फोन लागला. साहेब म्हणाले, आपण बैठकीत आहोत. कुठल्या बैठकीत, ते ते सांगू शकले नाहीत. म्हणून कागद काकांनीच लिहिला, टेबलाच्या कोपऱ्यावर वाकून, मोठ्या अक्षरात: "मी नोकरीस लागल्यापासून पाणी सहा इंच जास्त लिहिले. भीतीपोटी लिहिले. मशीन कापेल असे समजलो, ती माझी चूक." खाली सही.

डेटावालीने लॅपटॉपवर चार ओळी टाकल्या. कुणी काही पाठवलं नाही, कुणी काही आणलं नाही, आणि समोरच्या पडद्यावर एक नवा रकाना उभा राहिला. पहिल्या भोंग्याच्या दिवशी खरी पातळी एकतीस सात. दुसऱ्याच्या दिवशी एकतीस आठ. तिसऱ्याच्या दिवशी सकाळी एकतीस चार, दुपारीही एकतीस चार. पाणी कुठे गेलंच नव्हतं.

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे तिन्ही वेळा आम्ही बदकांना घाबरून पळालो!"

समितीने तिन्ही दिवसांचे भोंगे रद्द केले. काठ काठच राहिला. काकांच्या कागदाची प्रत मात्र वर गेली. ती कागदाची असल्यामुळे पोचायला नऊ दिवस लागले. काकांची पुढची बढती गेली, जी तशीही येणार नव्हती. पट्टीवर यंत्र बसवण्याचा ठराव झाला, आणि यंत्र येईपर्यंत पट्टी काकांनीच बघावी, असंही त्यातच लिहिलं होतं.

पण त्या शनिवारी यातलं काही ठाऊक नव्हतं. काका बाहेर आले तेव्हा बहीण पायरीवर उभी होती.

"बावीस वर्षं!" ती म्हणाली. "आणि मी सगळ्या बाजारात दवंडी पिटत होते, दादाचा आकडा चुकत नाही!"

"चुकत नव्हताच. सहाचा सहाच राहिला."

"विनोद करू नकोस. नोकरीचं काय?"

"बघू."

"वहिनीला सांगितलंस?"

"तिनेच पाठवलं."

बहिणीने तोंड फिरवलं, नाक पुसलं आणि टेकडीच्या बाजूला बोट दाखवलं. शंभराच्या वर ट्रे तिथे, शाळेच्या आवारात, उन्हात पडले होते.

"तिकडून काठावर आणायचेत. मिरची आधी, ती लगेच मान टाकते. आणि ट्रे आडवा धरायचा, तुझ्या वहीसारखा काखेत नाही मारायचा."

काका बूट फटकारत निघाले. तिसऱ्या फेरीला शेजारच्या गाळेवालीने विचारलं, "ताई, हा नवा हमाल कुठून आणलास? चांगला वाकतो."

"माझा भाऊ आहे," बहीण म्हणाली. "तुझे ट्रे पण देते त्याच्याकडे. तुझाही गाळा त्यानेच तीनदा उठवलाय."